डंख आणि दर्या

काही माणसे सापाला भितात, काही पाण्याला, आणि आमच्या वर्गातील बहुसंख्य मंडळी परीक्षेला. माझी भीती या सर्वांपुढे अगदीच किरकोळ दिसते. ती बोटाच्या पेराएवढी असते, तिची कंबर बारीक असते आणि घराच्या वळचणीला कागदासारखे पोळे बांधून ती राहते. तिला गांधीलमाशी म्हणतात. "एवढीशी माशी, तिला काय भ्यायचे?" असे लोक विचारतात. त्याचे उत्तर जरा लांबलचक आहे.

नऊ वर्षांची असताना आजोळच्या पडवीत मला गांधीलमाशी प्रथम डसली. आजीने लोखंडी किल्ली घासली, वर चुना लावला. दोन दिवस हात सुजला आणि गोष्ट तिथेच संपली. सतराव्या वर्षी ती दुसऱ्यांदा डसली, तेव्हा मात्र हात राहिला बाजूलाच. दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, घसा आवळत आला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तालुक्याच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी मांडीत एक इंजेक्शन दिले, पाय उंच करून निजवले आणि रात्रभर घरी सोडले नाही. असा झटका ओसरल्यावरही काही तासांनी पुन्हा उलटू शकतो, म्हणून. त्या इंजेक्शनचे नाव अ‍ॅड्रेनलिन.

मी वाचले, पण त्या दिवसापासून आमच्या घराच्या खिडक्या मिटल्या. आईने जाळ्या बसवल्या, गच्चीवरच्या कुंड्या शेजाऱ्यांना देऊन टाकल्या, आणि माझ्या सहलींवर कायमची फुली मारली. आंबा खायचा तोही दार लावून! आईचे प्रेम मला कळत होते, आणि त्या प्रेमात माझा जीव गुदमरतही होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

अशात मामा निवृत्त झाला आणि त्याने जाहीर केले, की सगळ्यांनी मिळून मुंबईहून गोव्याला क्रूझने जायचे. आईने ऐकताक्षणी सांगितले, "तुम्ही सगळे जा. आम्ही दोघी घरी राहू."

"अगं ताई, भर समुद्रात कसली आली आहे गांधीलमाशी?" मामा म्हणाला.

हा प्रश्न घेऊन आम्ही अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "मामांचे म्हणणे बरोबर आहे. समुद्रात ना फूल, ना झाड, ना पोळे. माशी भेटली तर ती बंदरात भेटेल. पण समुद्रात जशी माशी नाही, तसे मोठे इस्पितळही नाही. म्हणून जायचे असेल तर इस्पितळ येईपर्यंत पुरेल एवढी तयारी बरोबर घेऊन जा."

जायचे असेल तर! चार वर्षांत मला कोणीतरी 'जाऊ नको' याऐवजी 'कसे जा' हे सांगत होते.

मग तयारी सुरू झाली. अ‍ॅड्रेनलिनच्या कुप्या दोन नव्हे तर चार घेतल्या; कारण एका मात्रेने भागले नाही, तर पाच ते पंधरा मिनिटांत दुसरी द्यावी लागते. बरोबर सिरिंजा, आणि बंदरावरच्या तपासणीत सुयांबद्दल कोणी हटकू नये म्हणून डॉक्टरांचे पत्र. कुप्या उन्हात ठेवायच्या नाहीत, बर्फातही नाही. आतले औषध पाण्यासारखे स्वच्छ हवे. तांबूस दिसले की टाकून द्यायचे. गांधी आणि खाज यांवरची गोळी वेगळी. आवळलेला घसा ती मोकळा करत नाही. हे सगळे मी पिशवीवर चिठ्ठी डकवून मोठ्या अक्षरांत लिहिले. ऐन वेळी मला बोलता येईलच असे नव्हते.

बॅलार्ड पिअरहून संध्याकाळी बोट सुटली. कुलाब्याच्या टोकापलीकडे प्रोंग्जचे दीपगृह मागे पडले. काठ अंधुक होत गेला, तशी माझ्या खांद्यांवरची वर्षांची आढी सैल झाली. डेकवर शेकडो माणसांत उघड्यावर बसून मी मोसंबीचा रस प्यायले. इतरांना यात काय विशेष वाटणार?

दुसरी गोष्ट मी लगेच केली. बोटीवरच्या दवाखान्यात जाऊन माझी हकीगत सांगितली. तिथल्या सिस्टरने माझी चिठ्ठी वाचली, खोलीचा क्रमांक टिपून घेतला आणि म्हणाली, "बरे केले आधी सांगितले. नंतर सांगायला लोकांना वेळ नसतो."

या आजाराचे आणि जहाजाचे नाते तसे जुनेच आहे. १९०१ साली मोनॅकोचा राजा पहिला अल्बर्ट याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ सफरीला गेले होते. पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉर नावाच्या, निळ्या फुग्यासारख्या तरंगणाऱ्या समुद्रजीवाचे विष ते तपासत होते. पावसाळ्यात हाच जीव जुहूच्या वाळूवरही येऊन पडतो. परत आल्यावर त्यांनी समुद्रफुलाचे विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग केले. थोडे थोडे विष दिले तर शरीर त्याला सरावेल, संरक्षण मिळेल, ही कल्पना. झाले उलटेच. पहिली मात्रा सहज पचवलेला नेपच्यून नावाचा धडधाकट कुत्रा सुमारे तीन आठवड्यांनी तेवढ्याच विषाने अर्ध्या तासाच्या आत मेला. १९०२ साली या प्रकाराला त्यांनी नाव दिले अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे संरक्षणाच्या उलट. या कामासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नेपच्यूनची गोष्ट वाचली तेव्हा मला माझी पडवी आठवली. पहिला डंख हातावर निभावला, दुसरा जिवावर आला. माशीच्या विषात तेवढे बळ नसते. शरीराचे पहारेकरीच एका चिमुकल्या शत्रूला पाहून इतके बिथरतात, की ज्या घराची राखण करायची त्याचेच दरवाजे कोंडून टाकतात.

त्या रात्री आईला मी हे सांगितले. तिने काहीच उत्तर दिले नाही. सकाळी न्याहारीच्या टेबलावरून तिने एक संत्रे उचलले, पदराखाली घेतले आणि खोलीत येऊन म्हणाली, "ते इंजेक्शन कसे द्यायचे ते मला दाखव." पाण्याने भरलेली सिरिंज तिने संत्र्यात सहा वेळा टोचली. पहिल्या दोन वेळा हात थरथरला. मग थरथरायचा थांबला. "मांडीच्या बाहेरच्या बाजूला. कपड्यावरून दिले तरी चालते. तुला उठू द्यायचे नाही," असे तिने पाठ म्हणून दाखवले.

मुरगाव बंदर आले तेव्हा खरी परीक्षा सुरू झाली. मामा-मामी फोंड्याच्या मसाल्याच्या बागेत निघाले. तिथे फुले, म्हणून मी ती वाट सोडली. मी बूट, लांब बाह्यांचा फिका सदरा घातला, अत्तर लावले नाही, आणि आईबरोबर जुन्या गोव्याला गेले. बासिलिका पाहून बाहेर आलो, तर दूरच्या एका उंच झाडावर आग्या मोहोळ लोंबत होते. आईची पकड माझ्या मनगटावर घट्ट झाली. मग ती सैल करून ती शांतपणे म्हणाली, "पलीकडच्या रस्त्याने जाऊ." आम्ही पलीकडच्या रस्त्याने गेलो. एवढेच. पळालो नाही, आणि परत बोटीवरही गेलो नाही. से कॅथेड्रल पाहायचे राहिले होते.

डंखाच्या विषाचेच अतिसूक्ष्म डोस देऊन शरीराला सरावाने शहाणे करण्याचा एक उपचार आहे. तो तीन ते पाच वर्षे चालतो. मला तो केव्हा मिळेल ते पाहायचे. पण पहारेकऱ्याला शिकवता येते, एवढे मात्र मी त्या बोटीवर डोळ्यांनी पाहिले. गेल्या आठवड्यात आईने शेजारून एक कुंडी परत आणली. तुळशीची आहे. मंजिऱ्या ती येऊ देत नाही, खुडून टाकते. पण कुंडी गच्चीवर आहे, आणि गच्चीचे दार उघडे आहे.