कोरियातले शनिवार-रविवार : एका इगतपुरीकराची तारांबळ

इगतपुरीत वाढलेल्या माणसाला परदेशी पाहुण्यांचं नवल नसतं. १९७६ पासून धम्मगिरीवर विपश्यनेची शिबिरं चालू आहेत. पाठीवर भली मोठी सॅक घेतलेली माणसं स्टेशनातून बाहेर येतात, इकडेतिकडे बघत उभी राहतात, रिक्षावाल्याशी हातवारे करतात. आम्ही पोरं ती गंमत बघायचो. त्यांना नेमकं काय कळत नसेल, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडायला मला दक्षिण कोरियातल्या सुवॉनला जावं लागलं.

सुवॉन हे सोलच्या दक्षिणेचं शहर. तिथल्या एका विद्यापीठात मी संशोधनासाठी दाखल झालो. सोमवार ते शुक्रवार प्रयोगशाळेत इंग्रजीवर निभायचं. तारांबळ सुरू व्हायची ती शनिवारी, खोलीबाहेर पाऊल टाकलं की. फोनमधला गुगल मॅप पायी जायचा रस्ताच दाखवेना, कारण सुरक्षेसाठी तिथलं सरकार तपशीलवार नकाशे देशाबाहेर जाऊ देत नव्हतं. लोक वापरतात ते नेव्हर नावाचं तिथलंच अ‍ॅप, आणि त्यात ठिकाणाचं नाव त्यांच्या लिपीत टाकलं तर पटकन सापडतं. म्हणून आधी हंगुल शिकलो. राजा सेजोंगने ही लिपी १४४६ मध्ये जाहीर केली ती सामान्य माणसाला लिहिता-वाचता यावं म्हणूनच, त्यामुळे अक्षरं लवकर बसली. पण अर्थाचं काय? दुकानांच्या पाट्या मी खणखणीत वाचायचो आणि आत केस कापतात की नूडल्स विकतात हे काचेला नाक लावून बघायचो.

पहिली मोठी सहल बुखानसानची. सोल शहराच्या उत्तरेला, मेट्रो आणि बसने गाठता येणारं हे राष्ट्रीय उद्यान. सर्वात उंच सुळका बेगुन्दे, उंची ८३६ मीटर. आमचं कळसूबाई १६४६ मीटर. आकडे बघून मी निवांत होतो. पण शनिवारी सकाळच्या मेट्रोत शिरलो आणि चक्रावलो. डब्यात साठी-सत्तरीची माणसं, प्रत्येकाच्या पायात गिर्यारोहणाचे बूट, हातात काठ्या, डोक्यावर रुंद टोपी, अंगावर झगझगीत जाकीट. मला वाटलं कुठलीतरी मोठी मोहीम निघालीय. बरोबरचा सहकारी म्हणाला, नाही रे, हे नेहमीचेच, दर शनिवारी जातात. आमच्याकडे आजोबा डोंगर चढायला निघाले तर सूनबाई आधी डॉक्टरला फोन करेल.

चढ सुरुवातीला झाडीतला, सोपा. वाटेत १७११ साली बांधलेल्या बुखानसानसॉंग किल्ल्याची तटबंदी आणि दरवाजे लागतात. शेवटच्या टप्प्यात मात्र नुसता गुळगुळीत ग्रॅनाइट आणि त्यात ठोकलेले पोलादी दोर. दोर धरून अंग वर ओढायचं. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांची सवय इथे कामाला आली, पण आमच्या बसॉल्टवर खाचखळगे असतात, पाऊल कुठेतरी अडकतं. इथे पाय ठेवायचा कुठे? मी विचार करत उभा, आणि मागून एक आजी मला ओलांडून वर गेल्या.

माथ्याखाली जरा सपाटी आहे. सगळे तिथे बसून डबे उघडतात. त्याच आजींनी सोललेली काकडी माझ्यापुढे धरली. कळसूबाईच्या वाटेवर बारी गावातल्या बायका काकडी विकतात, मीठ-तिखट लावून. माझा हात आपोआप खिशाकडे गेला. सहकाऱ्याने कोपर मारलं : पैसे नाही, दोन्ही हातांनी घे. मोठ्यांकडून काही घेताना दोन्ही हात पुढे करायचे. घेतली. मग शेजारच्या आजोबांनी संत्रं दिलं, कोणीतरी चॉकलेट. ‘इंदो?’ असं विचारून आजोबांनी सहकाऱ्यामार्फत मला एक गोष्ट ऐकवली. अयोध्येची म्हणून सांगितली जाणारी एक राजकन्या समुद्रमार्गे कोरियात आली आणि इथल्या राजाची राणी झाली. तेराव्या शतकातल्या ‘सामगुक युसा’ ग्रंथात तिची कथा आहे, आणि गिम्हेच्या किम घराण्यातले लोक तिला आपली मूळ आई मानतात. आजोबा किमच निघाले. म्हणजे मी त्यांच्या आजोळचा! इतिहासकार या कथेला दंतकथाच समजतात, पण दुसरं संत्रं मला तिच्यामुळेच मिळालं.

खाली उतरल्यावर आणखी एक अचंबा. पायथ्याशी हवेच्या नळ्या टांगलेल्या. पंक्चरवाल्याकडे असतात तशा. लोक रांगेने उभे राहून बुटांची, पँटची धूळ उडवतात आणि मगच बस पकडतात. इतकी चांगली आणि इतकी साधी सोय मी दुसरी पाहिली नाही. कळसूबाईहून परतताना एसटीत आपण पाव डोंगर घेऊन चढतो.

त्यानंतर पाजॉन आणि माकगॉल्ली. पाजॉन म्हणजे कांद्याच्या पातीचं जाड धिरडं, माकगॉल्ली ही तांदळाची दुधाळ दारू. डोंगर उतरला की हे हवंच, आणि पावसातही हवंच. पाऊस आणि तळणीचं नातं इगतपुरीकराला समजावायची गरज नाही. न कळणारं होतं ते पंक्तीचं शास्त्र. स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही, दुसऱ्याने भरायचा. ओतताना दोन हात. वडीलधाऱ्यांसमोर पिताना तोंड बाजूला वळवायचं. ज्येष्ठांनी चमचा उचलल्याशिवाय आपण सुरुवात करायची नाही. मी दारू घेत नाही, तरी रिकाम्या पेल्यात पाणी भरून घेत हे सगळं केलं.

खाण्याचं खरं संकट वेगळंच होतं. घरची सवय शाकाहाराची. ‘मांस नको’ एवढं कोरियनमध्ये पाठ केलं, पण त्या वाक्यात मासे, कोळंबी, हॅम मोडत नाहीत असं बऱ्याच उपाहारगृहांना वाटतं. किमचीसुद्धा सहसा खारवलेल्या कोळंबीच्या किंवा माशाच्या रसात मुरवलेली. आई फोनवर रोज एकच विचारायची, ‘अरे, भात तरी मिळतो ना?’ भात मिळायचा, आणि काय भात! आखूड दाण्याचा, चिकट, गोडसर, थेट आमच्या शेतातल्या इंद्रायणीच्या कुळातला वाटावा असा. परदेशी मित्र त्याला गिचका म्हणून नावं ठेवायचे. मला त्यात घर सापडलं. फक्त तिथे वाटी हातात उचलायची नाही आणि भात चमच्याने खायचा, काड्यांनी नाही.

पोटभर शाकाहारी जेवण मिळालं ते बौद्ध मठात. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी पाहुण्यांची सोय म्हणून कोरियातल्या मठांनी आपली दारं मुक्कामासाठी उघडली आणि ‘टेम्पल स्टे’ सुरू झाला. आता देशभर तो चालतो. डोंगरातल्या एका मठात मी शनिवारी दुपारी पोचलो. करड्या रंगाचे ढगळ कपडे दिले गेले. जेवणात मांस-मासे नाहीतच, शिवाय कांदा, लसूण, पातही नाही. आमच्या आजीच्या चातुर्मासात आणि या मठात जेवणापुरता फरक तिखटाचाच. पहाटे चारच्या सुमारास लाकडी टोल वाजवत भिक्षू अंगणात फिरला. नंतर १०८ साष्टांग वंदनं. आकडा जपमाळेमुळे ओळखीचा, पण माळेत बोटं चालतात, इथे गुडघे. साठाव्याच्या आसपास शेजारची जर्मन मुलगी आणि मी एकमेकांकडे केविलवाणे बघत होतो. सगळ्यात थक्क केलं ते भांड्यांनी. जेवण झाल्यावर मुळ्याच्या फोडीने आपला वाडगा पुसायचा, त्यातच पाणी घालून विसळायचा आणि ते पाणी पिऊन टाकायचं. कणही वाया जाता कामा नये. धम्मगिरीवर पहाटे चारला घंटा होते हे लहानपणापासून ऐकत आलोय, पण त्या गावचा असून एकही शिबिर केलेलं नाही. भिक्षूंनी ‘तुझ्या गावात काय आहे?’ असं विचारलं तेव्हा मी जपूनच बोललो.

थंडीत चिमजिलबांग. हे सार्वजनिक गरम स्नानगृह. आत स्त्री-पुरुषांचे विभाग वेगळे, पण आपल्या विभागात सगळे पूर्ण नागवे, आणि अवघडलेला दिसतो तो फक्त परदेशी. त्यावर जास्त लिहीत नाही, आई वाचणार आहे. नंतर सुती कपडे घालून सगळ्यांनी तापलेल्या फरशीवर लोळायचं आणि भाजलेली अंडी खायची.

सोलचा ग्यॉंगबोकगुंग राजवाडा १३९५ चा, मंगळवारी बंद. पारंपरिक हानबोक घातला तर प्रवेश फुकट, म्हणून अंगण भाड्याच्या हानबोकातल्या पर्यटकांनी भरलेलं. फोटोपुरतं ठीक आहे.

त्याहून मला आमच्या सुवॉनचा ह्वासॉंग किल्ला आवडला. राजा जॉंगजोने १७९४ ते १७९६ मध्ये बांधला, तटाची लांबी ५.७ किलोमीटर, आजही शहर त्याच्या आतबाहेर नांदतं. रविवारी संध्याकाळी मी तटावरून पूर्ण चक्कर मारायचो. बांधकामाची इतकी बारीक नोंद त्या काळी ठेवली गेली की आराखडे, यंत्रांची चित्रं, कारागिरांची नावं आणि त्यांना दिलेली मजुरीसुद्धा ग्रंथात आहे. कोरियन युद्धात पडलेला भाग १९७० च्या दशकात त्यावरून पुन्हा उभारला गेला, आणि १९९७ मध्ये किल्ला जागतिक वारसा ठरला. २०२५ मध्ये आपल्या साल्हेर, शिवनेरी, रायगडासह १२ मराठा किल्ल्यांनाही तो मान मिळाला. ते वाचलं तेव्हा मला इगतपुरीजवळचा त्रिंगलवाडी आठवला. पायथ्याला जैन लेणं, त्यात ऋषभनाथांची मूर्ती आणि १३४४ चा शिलालेख. पण त्या लेण्यातल्या छिन्नीवाल्याचं नाव मला कोणी सांगू शकणार नाही, आणि सुवॉनच्या दगडफोड्यांची यादी छापील मिळते. याचा मला हेवा वाटला, अजून वाटतो.

कोरियाला जाणार असाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर निवडा, मात्र चुसॉक सणाची सुट्टी टाळा, कारण तेव्हा अख्खा देश गावाला निघतो आणि रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत. सोलच्या बाजारांना एक दिवस पुष्कळ झाला. शनिवार डोंगराला द्या, आणि पिशवीत दोन काकड्या जास्तीच्या ठेवा.