सकाळची गोळी आणि दुधाचा पेला
वाचकहो, आपल्या घरी कंपवाताचे रुग्ण असतील, तर त्यांच्या हाताच्या थरथरीबरोबर पोटाचीही विचारपूस करा. मी ती फार उशिरा केली.

माझ्या यजमानांचा हात थरथरू लागण्यापूर्वी कितीतरी वर्षे त्यांना बद्धकोष्ठतेचा त्रास होता. इसबगोल झाले, एरंडेल झाले; मग वयाचा दोष म्हणून आम्ही तो विषयच सोडला. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या व्याधीवर लिहिलेल्या निबंधातही मलावरोधाची नोंद आहे. हा विकार काही रुग्णांत आतड्यात सुरू होऊन मज्जातंतूंवाटे मेंदूपर्यंत चढत असावा, असा तर्क हाइको ब्राक या जर्मन शास्त्रज्ञाने २००३ मध्ये मांडला. (प्रत्येक बद्धकोष्ठता ही कंपवाताची नांदी नव्हे, उगाच धास्तावू नका.)

माझी खरी चूक वेगळीच होती. रिकाम्या पोटी औषध नको, या आईच्या शिकवणीनुसार मी लेव्होडोपाची गोळी रोज पेलाभर दुधाबरोबर देत असे. अकरा वाजेपर्यंत त्यांचे पाऊल उचलत नसे. ‘जरा मनावर घ्या,’ असे मी त्यांना चिडून म्हणत असे. त्या शब्दांची आज लाज वाटते. दुधातील प्रथिनांपासून होणारी अमिनो आम्ले आणि लेव्होडोपा यांना आतड्यातून रक्तात व पुढे मेंदूत शिरायला एकच वाट असते. गर्दीत औषध मागे राहते. शिवाय काहींच्या आतड्यातील एन्टेरोकॉकस फेकॅलिस हा जंतू लेव्होडोपाचे रूपांतर आतड्यातच करून टाकतो, हे २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवले. गोळीतील कार्बिडोपा आपल्या शरीरातील विकराला आवरते, पण या जंतूच्या विकरापुढे ते दुबळे ठरते.

म्हणून जंतू मारायला स्वतःहून प्रतिजैविके देऊ नका, आणि प्रथिनेही तोडू नका; या आजारात वजन झपाट्याने उतरू शकते. आमच्या डॉक्टरांनी केवळ वेळा बदलल्या: गोळी खाण्यापूर्वी अर्धा तास, पाण्याबरोबर, उसळ, दही, दूध रात्रीकडे. पालेभाजी आणि पुरेसे पाणी यांनी पोटही थोडे सैल झाले. आपल्या रुग्णाच्या वेळा त्यांच्याच डॉक्टरांना विचारून ठरवा.

परवा सकाळी ते वर्तमानपत्र आणायला एकटेच दारापर्यंत गेले. मी काठी घेऊन मागून धावले. त्यांनी ती घेतली नाही.