काय हशील?

धर्माबादेत तहसील म्हणजे दाखल्यांची रांग. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला हाती आल्याशिवाय आमच्यासारख्यांची शिष्यवृत्ती पुढे सरकत नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. तेव्हा ही रांग मला चांगली परिचयाची आहे. पण 'तहसील' हा शब्द मुळात अरबी, हे मला अलीकडे कळले. सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि सरकारी दप्तर उर्दूत. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांना आम्ही मास्तरसाब म्हणतो. त्यांनी ही गंमत उलगडून दाखविली.

अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूतून फुटतात. 'नजर' आपल्या घरचीच झालेली. पाहणारा तो कोर्टातला नाझर आणि पाहून पसंत केलेले ते मंजूर. तसाच 'ह-स-ल' हा धातू. बाकीचे निघून गेल्यावर उरणे, हाती लागणे हा त्याचा अर्थ. हाती आले ते हासिल, मिळविलेला तो महसूल आणि गोळा करण्याची क्रिया ती तहसील. (वसूल मात्र या कुळातला नव्हे. त्याचा धातू 'व-स-ल', म्हणजे पोचणे. शेतकऱ्याचा पैसा सरकारपर्यंत पोचला की वसूल!)

या हासिलचेच मराठीत हशील झाले. तो शब्द मी घरातच शिकलो. "पोरीला शिकवून काय हशील?" या चार शब्दांवर माझ्या अक्काची शाळा दहावीला सुटली. मार्क तिला माझ्यापेक्षा जास्त होते. घरात कोणी दुष्ट नव्हते. थोडी कोरडवाहू जमीन, डोक्यावर कर्ज आणि चालून आलेले स्थळ. पुढे माझ्याबाबतीतही तोच सवाल निघाला, पण मी मुलगा, म्हणून तो नुसता सवालच राहिला.

"अरे, विद्या मिळवण्यालाही उर्दूत तहसील-ए-इल्म म्हणतात," मास्तरसाब हसत म्हणाले. ज्या शब्दाने आमच्या पणजोबांकडून सारा नेला, तोच शब्द!

याच धातूचा आणखी एक शब्द म्हणजे हौसला. अरबीत त्याचा अर्थ पाखराच्या गळ्याखालची पिशवी. टिपलेला दाणा आधी तिथे साठतो. त्यावरून मावण्याची ताकद आणि पुढे फारसी-उर्दूत धीर, हिंमत असा अर्थ सरकत गेला.

उन्हाळ्यात अक्का माहेरी आली, तेव्हा मिरच्यांचे देठ खुडता खुडता तिला हे सारे सांगितले. महसूल, तहसील तिने ऐकून सोडून दिले. पाखराच्या पिशवीपाशी मात्र तिचा हात थांबला.

"कबुतर त्यातलंच पिलाला भरवतंय की रे," ती म्हणाली. मग तिने तिच्या पोरीच्या शाळेचे काढले. पहिलीला दाखल करायचे तर कोणते कागद लागतात, आणि त्यातला तहसीलचा कोणता?