हे तू एकटीच वाच

पोस्टमनची हाक आली की सासूबाई हातातलं काम टाकून दाराशी येऊन बसत. पत्र बहुधा वन्संचं, सांगलीहून आलेलं. मी पदराला हात पुशीत ते फोडायची आणि मोठ्यानं वाचून दाखवायची. "इकडील सर्व कुशल. तिकडील खुशाली कळवावी." दर महिन्याला तेच! सासूबाई ऐकून घ्यायच्या आणि हळूच विचारायच्या, "आणखी काही नाही लिहिलं?" नसायचंच. मला वाटे, वन्संना पत्र लिहायचा कंटाळाच फार.

ही १९८२ सालची गोष्ट. २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला होता. साताऱ्यात आमच्या पेठेतल्या महिला मंडळानंही जूनमध्ये साक्षरता वर्ग काढला. फळा आणला, पाट्या आणल्या, वेळ ठेवली दुपारी चारची. पहिल्या दिवशी चौदा बायका आल्या. पंधरा दिवसांनी उरल्या तीन! "यांना शिकायचंच नाही," असं आम्ही चहा पिता पिता ठरवूनही टाकलं.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना मी जरा रागानंच विचारलं. त्या म्हणाल्या, "वहिनी, चारला तुमची झोप संपते. आमची संध्याकाळची भांडी तेव्हाच सुरू होतात."

मैत्रिणींनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौदाजणींसाठी वर्ग काढला, पण त्यांतल्या एकीलाही सवड कधी असते ते विचारलं नव्हतं!

मग विचारलं. वेळ ठरली रात्री नऊची, जेवणखाण उरकल्यावर. जागा मारुतीच्या देवळाची ओवरी. काय शिकायचं तेही विचारलं. कमळ नि बदक कुणालाच नको होतं. एकीला वाण्याच्या वहीतली उधारी वाचायची होती, एकीला रेशनकार्डावर किती साखर मांडली ते, तर एकीला मुलाचं प्रगतिपुस्तक. अंगठ्याऐवजी सही तर सगळ्यांनाच हवी होती. म्हणून पहिला धडा जिचं तिचं नाव. दुसरा साखर, तेल, गहू आणि आकडे. 'मुलं आणू नयेत' हा आमचा नियमही मोडला. मुलं आईच्या पाटीत डोकवायची, चुकलं की हसायची आणि घरी गेल्यावर तीच आईचा अभ्यास घ्यायची. वर्ग टिकला तो त्यामुळेच.

सासूबाई मात्र आल्या नाहीत. त्यांचं वय अठ्ठावन्न, आणि सरकारी कार्यक्रमही पंधरा ते पस्तीस वयाचाच. "आता कसली पाटी! लोक काय म्हणतील?" पण माझी धाकटी तेव्हा पहिलीत होती. तिच्या अभ्यासाला त्या शेजारी बसू लागल्या. "हे कोणतं गं अक्षर?" आजी विचारायची, आणि नातीला वाटे, आजी आपली परीक्षाच घेतेय! माझ्या ते ध्यानात आलं, पण मी बोलले नाही. दिवाळीच्या सुमारास त्यांनी वन्संना स्वतःच्या हातानं कार्ड लिहिलं. चारच ओळी, त्याही वाकड्यातिकड्या.

आठ दिवसांत उत्तर आलं. बंद पाकीट, आणि मागं मोठ्या सुट्या अक्षरांत लिहिलेलं, "आई, हे तू एकटीच वाच."

सासूबाई देवघरात जाऊन बसल्या. अर्ध्या तासानं बाहेर आल्या त्या डोळे पुशीतच. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणालाही बरोबर न घेता, एस. टी.ची पाटी स्वतः वाचून त्या सांगलीला गेल्या आणि वन्संना घेऊनच परतल्या. वन्सं चार महिने राहिल्या. पत्रात काय होतं ते मी आजवर विचारलेलं नाही. एवढं मात्र उमगलं, की त्यांना पत्राचा कंटाळा नव्हता. आईचं पत्र भावजय वाचणार हे ठाऊक असताना लेक लिहिणार तरी काय?

शिकण्याइतकंच शिकलेलं टिकवणंही महत्त्वाचं, बरं का. आमच्याच जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, गावंच्या गावं साक्षर झाली. पण पुढं वाचायला हाती काही न राहिल्यानं कितीतरी जण अक्षरं विसरले. म्हणून वर्ग संपल्यावरही आम्ही दर शनिवारी जमायचो. एकीनं वर्तमानपत्रातली बातमी वाचायची, एकीनं पोथीतल्या चार ओव्या.

तुम्ही म्हणाल, आता पत्रं कुठं राहिली? खरंय. पण बँकेचा निरोप फोनवर येतो, आणि तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला तर परस्वाधीनता तीच. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, गुलाबी लुगडी नेसून आज्या पाटी घेऊन बसल्या. २०२२ ते २०२७ साठी आखलेल्या सरकारच्या 'उल्लास' कार्यक्रमात पंधराच्या पुढं कोणतंही वय चालतं, आणि शिकवणारे असतात तुमच्याआमच्यासारखे स्वयंसेवक. जवळच्या शाळेत चौकशी करा.

पण त्याआधी घरी कामाला येणाऱ्या बाईंना, नाहीतर घरातल्याच एखाद्या वडीलधाऱ्या बाईला, दोन गोष्टी विचारा. काय वाचावंसं वाटतं? आणि सवड कधी असते? फळा-खडू मागाहून आणला तरी चालेल.