३३१ जणांचं देणं

आमचे अण्णा आज धडधाकट आहेत याचं श्रेय घरात सगळे देवाला देतात. मी देवाच्या जोडीला काही माणसांची नावं घेईन, निदान ज्यांची ठाऊक आहेत त्यांची.

पहिले आमचे कोरेगावचे जुने डॉक्टर. जेवताना अण्णांच्या हातातून घास गळाला, जीभ जड झाली, उजवा हात लुळा पडला आणि थोड्याच वेळात सगळं पूर्ववत झालं. ऊन लागलं असेल, पित्त असेल, असं घरात ठरूनही गेलं. डॉक्टरांनी मात्र स्टेथोस्कोप जबड्याखाली, मानेवर टेकवला आणि बराच वेळ ऐकत राहिले. म्हणाले, "डाव्या बाजूला रक्ताचा घुर्र आवाज येतोय. उद्यावर नको, आजच साताऱ्याला जाऊन मानेचा डॉप्लर करा." लकवा येऊन परत गेला तरी पुढचे काही दिवसच सर्वांत धोक्याचे असतात, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

साताऱ्याच्या त्या सोनोग्राफी केंद्रात दारावर, भिंतीवर, टेबलामागे गर्भलिंगनिदान केलं जात नसल्याच्या पाट्या होत्या. मुलींच्या जिवावर उठलेलं यंत्र म्हणूनच मी ते ओळखत होते. त्याच यंत्रापुढे अण्णा आडवे झाले. डॉक्टरीणबाईंनी मानेवर जेली लावली आणि म्हणाल्या, "काका, मान उजवीकडे वळवा. गिळू नका."

त्यांनी गळपट्टीच्या हाडापासून सुरुवात केली आणि प्रोब इंचाइंचाने वर नेला. मानेतली मोठी रोहिणी जिथे दुभंगते, एक फांदी चेहऱ्याकडे आणि एक मेंदूकडे जाते, तिथे थांबल्या. मेंदूकडच्या फांदीच्या तोंडाशीच थर साचला होता. त्यातला कॅल्शियमचा कडक भाग पांढराशुभ्र दिसत होता आणि त्याच्यामागे काळी सावली पडली होती. बाईंची नजर मात्र शेजारच्या काळपट भागावर खिळली. चरबीने भरलेला मऊ थर पडद्यावर जवळजवळ रक्तासारखाच दिसतो, म्हणून तो नजरेतून निसटतो. आणि फुटून कण मेंदूत जाण्याची भीती त्याचीच जास्त.

मग त्यांनी आवाज सुरू केला. सूं... सूं... प्रत्येक ठोक्याला रक्त शीळ घालत जात होतं. अण्णा शेतकरी आहेत हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "काका, दारं धरताना पाटाचं तोंड अरुंद केलं की पाणी कसं उसळतं? तसंच आहे हे." रक्ताचा वेग सेकंदाला १२५ सेंटिमीटरच्या आत असावा, २३० च्या पुढे गेला की नळी सत्तर टक्के किंवा त्याहून जास्त बंद झाली असं धरतात. अण्णांचा आकडा तीनशेच्या वर होता. ध्वनिलहर आणि रक्ताची दिशा यांच्यातला कोन ६० अंशांपुढे गेला की हा आकडा फसवतो, म्हणून बाईंनी कोन नीट लावून पुन्हा मोजलं, मग पुन्हा एकदा. बाहेर रांग लागली होती. त्यांनी घाई केली नाही. ती न केलेली घाई मी आयुष्यभर विसरणार नाही.

दोन आठवड्यांच्या आत अण्णांच्या मानेवर शस्त्रक्रिया झाली. त्याआधी सर्जनना मी विचारलं होतं, कापाकापी न करता औषधावर भागणार नाही का? त्यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या एका चाचणीची हकिकत सांगितली. हेन्री बार्नेट हे तिचे प्रमुख. अण्णांसारखेच, सत्तर टक्क्यांहून जास्त अडथळा असलेले ६५९ रुग्ण तीत होते. कोणाची शस्त्रक्रिया होणार आणि कोणाला फक्त औषधं मिळणार, हे दैवावर सोपवलं होतं. ३२८ जण शस्त्रक्रियेच्या बाजूला गेले, ३३१ नुसत्या औषधांच्या. दोन वर्षांत त्याच बाजूचा झटका येण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ९ टक्के आणि औषधांच्या गटात २६ टक्के निघालं. फरक इतका उघड होता की या रुग्णांपुरती चाचणी ठरलेल्या मुदतीआधीच थांबवली.

तेव्हापासून ते ३३१ जण माझ्या मनातून जात नाहीत. त्यांतल्या कितीतरी जणांची वाचा गेली असेल, हात गेला असेल. कोणता उपाय बरा हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हतं आणि ते कळावं म्हणून त्यांनी होकार दिला. त्यांच्या हानीतून निघालेला आकडा सर्जननी माझ्यापुढे ठेवला आणि मी संमतीपत्रावर सही केली. रक्ताच्या नात्यातल्या किती जणांनी आमच्यासाठी एवढं केलं असेल?

कोरेगावचा वाघ्या घेवडा निघाला की अण्णा पहिली पिशवी डॉक्टरीणबाईंकडे पोहोचवतात. त्या पैसे पुढे करतात, अण्णा घेत नाहीत. त्या ३३१ जणांचं देणं फेडायला मात्र पत्ता नाही, असं मी एकदा अण्णांना म्हणाले. पुढे लकवा येऊन गेलेल्यांवरच्या एका औषधाच्या अभ्यासासाठी त्यांना विचारणा झाली. मिळणारी गोळी खरी की नुसतीच, हे त्यांनाही कळणार नव्हतं आणि डॉक्टरांनाही. अण्णांनी मला सगळा कागद मोठ्याने वाचायला लावला, ते वाक्य आलं तेव्हा थांबवून पुन्हा वाचायला सांगितलं आणि विचारलं, "सही कुठं करायची?"