चुस्तची सुरी

तलवारीने राज्ये मिळतात, पण गाजर चिरायला सुरीच लागते. इतिहासकार मात्र तलवारीचेच पोवाडे गातात. फरगणा खोऱ्याचे नाव निघाले की आपल्याला बाबर आठवतो. तो १४८३ साली तेथील अंदिजानला जन्मला. त्याच खोऱ्यातल्या चुस्त गावाची कीर्ती मात्र अगदी घरगुती आहे. काळ्या कापडावर पांढरे भरतकाम केलेली टोपी आणि स्वयंपाकाची सुरी, या दोन वस्तूंसाठी अवघा उझबेकिस्तान त्याला ओळखतो.

ताश्कंदहून निघून कामचिकचा सुमारे २,२०० मीटर उंचीचा घाट उतरले की कापसाची शेते आणि तुतीची झाडे दिसू लागतात. चुस्तला पोचावे आणि ऐरणीच्या आवाजामागे जावे. भट्टी, घण, सांडशी, कानस. आपल्याकडच्या लोहाराला येथे परके वाटू नये. कारागिराला ‘उस्तो’ म्हणतात; आपल्या ‘उस्तादा’चाच हा भाऊबंद.

येथल्या सुरीचे नाव ‘पिचोक’. पुष्कळदा तिचा जन्म मोटारीच्या जुन्या कमानपाट्यातून होतो. लाल तापलेले पोलाद ठोकून उस्तो रुंद, एकधारी पाते घडवतो. कोणाचे टोक किंचित वर वळलेले, तर कोणाचे पाते वाळुंजाच्या पानासारखे. पुढचे काम पाणी देण्याचे. पोलाद कमी तापले तर धार टिकत नाही, फार तापले तर पाते ठिसूळ होते. तो नेमका क्षण उस्तोने रंगावरून ओळखायचा असतो. पात्याच्या गळ्याशी कथलाच्या मिश्रधातूची किंवा पितळेची नक्षीदार पट्टी बसते, मूठ लाकडाची, हाडाची वा शिंगाची होते आणि पात्यावर उस्तोची खूण उमटते, बहुधा चंद्रकोर आणि तारे.

वाचकांनी मुठीकडे जरा निरखून पाहावे. ती पात्याच्या मधोमध नसते, पाठीच्या रेषेत वर असते. त्यामुळे पाते फळीला टेकले तरी बोटे टेकत नाहीत. पुलावासाठी ढीगभर गाजरांच्या बारीक काड्या करणाऱ्या आचाऱ्याला या सोयीचे मोल विचारावे! हे रूप चित्रकाराने नव्हे, स्वयंपाकघराने ठरवले आहे.

म्हणूनच दुकानात टांगलेल्या काही सुऱ्या पाहून मन खट्टू होते. पाते आरशासारखे चकचकीत, नक्षी मुठीपासून टोकापर्यंत, आणि धार नावापुरती. त्या प्रवाशांच्या भिंतीसाठी केलेल्या असतात. सोन्याची सुरी कोणी उरात मारून घेत नाही, तसे तिने कोणी गाजरही चिरत नाही. उस्तोलाही पोट आहे. प्रवासी मागतो ते तो विकतो, त्यात त्याचा दोष नाही. पण भिंतीवरच्या सुरीला धार कशी आहे, हे कोणी पाहत नाही. आणि जे कोणी पाहत नाही, ते शिकायला शिष्य तरी वर्षे का घालवील?

साध्या पोलादाची सुरी मात्र लाडावलेल्या मुलासारखी असते. वापरून धुतली, पुसली नाही तर लगेच गंजते. पुनःपुन्हा सहाणेवर धार मागते. कालांतराने पाते काळवंडते, झिजून अरुंद होते. पण ज्या घरात अशी झिजलेली सुरी आहे, त्याच घरातून कोणीतरी पुन्हा उस्तोच्या दारी नवी मागायला जाते. चुस्तच्या भट्टीतला विस्तव तेवत ठेवणारा हात घणाचा खरा, पण त्याच्याइतकाच तो गाजरे चिरणाराचाही आहे.