दुचाकी घसरून…

आज एका जुन्या विलायती गाडीबद्दल लिहितोय. शेवटपर्यंत वाचा, विषय आपलाच आहे.

१९६६ च्या लंडन मोटार शोमध्ये जेन्सन एफएफ ही गाडी लोकांसमोर आली. कारखाना इंग्लंडातल्या वेस्ट ब्रॉमविचचा, बॉडीचं डिझाइन इटलीचं, ६.३ लिटरचं व्ही-८ इंजिन अमेरिकेच्या क्रायसलरचं. लांबचा पल्ला सुसाट आणि ऐटीत गाठायची श्रीमंतांची गाडी. तिकडे अशा गाडीला ग्रँड टूरर म्हणतात.

एफएफ म्हणजे फर्ग्युसन फॉर्म्युला. हो, मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरमधलाच फर्ग्युसन! मोटारीच्या चारही चाकांना ताकद मिळावी, असा त्याचा ध्यास होता. १९६० मध्ये तो गेला, पण त्याच्या माणसांचं काम या गाडीत उतरलं. सोबत डनलॉपचं मॅक्सारेट, मूळ विमानांसाठी बनवलेलं. ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ नये, यासाठी. आजच्या एबीएसचा हा आजोबाच.

पण झालं काय? किंमत त्याच कंपनीच्या साध्या इंटरसेप्टरपेक्षा बरीच जास्त. रचनाच अशी की स्टिअरिंग फक्त उजवीकडे बसायचं, म्हणून अमेरिकेचं मार्केट गेलं. १९७१ पर्यंत जेमतेम ३२० गाड्या बनल्या आणि विषय संपला.

म्हणजे जीव वाचवणारी वस्तू तयार होती, पण ती मिळाली परवडणाऱ्यांनाच. आपल्याकडे सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं एप्रिल २०१९ मध्ये. अर्ध्या शतकानंतर! तेही बाजाराच्या कृपेनं नाही, नियम आला म्हणून. त्याच नियमात १२५ सीसीच्या वरच्या बाइकला एबीएस आलं. त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागणारं सीबीएस असलं तरी चालेल, असं ठरलं.

आता आपल्या बाजारपेठेत उभं राहून बघा, १२५ च्या वरच्या किती दिसतात? शेतावर, कॉलेजला, दूध घालायला जाणाऱ्याकडे शंभरचीच असते.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. आकडा सरकारी आहे. ‘दुचाकी घसरून तरुणाचा मृत्यू’ ही बातमी मी इतक्यांदा केलीय, की हेडिंग टाइप करायला विचारच करावा लागत नाही. याचीच लाज वाटते.

गाडी घेताना मायलेज सगळे विचारतात. ब्रेकचं विचारलंय कुणी? आणि स्वस्त गाडीवाल्याचा जीवही स्वस्त, हे ठरवलं कुणी?

बोला.